बंद शाळेचा हजेरीपट

शाळा बंद झाली म्हणजे नेमके काय बंद झाले, असा प्रश्न एरवी पडत नाही. इमारत, वर्ग, शिक्षक, मुले, घंटा आणि वेळापत्रक या सर्वांना मिळून ‘शाळा’ हा एकच शब्द वापरला जातो आणि त्यांपैकी काय कशाच्या आधारावर उभे आहे हे तपासण्याची गरज भासत नाही. साथीच्या रोगात सरकारी आदेशाने फाटकाला कुलूप लागते तेव्हा मात्र हे घटक सुटे होऊन दिसू लागतात. इमारत जागच्या जागी राहते, शिक्षक आणि मुले आपापल्या घरी राहतात, आणि त्यांना एकत्र बांधणारे जे काही असते ते टिकले की तुटले, हे पुष्कळदा फार उशिरा कळते. युनेस्कोच्या मोजणीनुसार कोविडच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थी या स्थितीत होते. त्यांच्या शाळांपैकी एका विशिष्ट प्रकारच्या शाळेचा, कॅथॉलिक शाळेचा, अनुभव स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. कारण आपण केवळ शिकवण्याची जागा नसून एक समुदाय आहोत असे ती शाळा स्वतःविषयी सांगत आली आहे, आणि या सांगण्यात किती तथ्य आहे याची खरी परीक्षा फाटक बंद असतानाच होते.

समुदाय म्हणजे काय

कॅथॉलिक शाळा म्हणजे कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या अधिकाराखाली चालणारी शाळा. ती धर्मप्रांताची, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाची असू शकते. धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीची असू शकते. किंवा जेज्वीट फादरांसारख्या अथवा सिस्टरांच्या एखाद्या व्रतस्थ संघाची असू शकते. व्यवस्थापन कोणाचेही असले तरी तिच्यामागचा विचार एक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जो जाहीरनामा संमत केला, त्यात मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हणजे त्यांचे आईवडील होत असे तत्त्व मांडले आहे, आणि कॅथॉलिक शाळेचे वेगळेपण तिच्या पाठ्यपुस्तकांत नव्हे, तर तिच्यातील सामुदायिक वातावरणात शोधले आहे. १९७७ मध्ये व्हॅटिकनच्या शिक्षणविभागाने कॅथॉलिक शाळेवर काढलेल्या दस्तऐवजानेही हाच धागा पुढे नेला.

या तत्त्वाचा व्यवहारातला अर्थ असा की, अशा शाळेत एकाच मुलाभोवती अनेक नात्यांची वीण असते. वर्गशिक्षिका त्याला ओळखतात, धर्मग्रामातील फादर त्याच्या घरच्यांना ओळखतात, रविवारच्या मिस्सेला, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक उपासनेला, तेच कुटुंब पुन्हा भेटते, आणि आजारपणात किंवा मर्तिकात तीच माणसे दाराशी येतात. भारतात या विणीचा एक पदर निराळा आहे: येथील बहुतेक कॅथॉलिक शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे चर्चकडून येणारा दुवा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्यांच्यापुरता समुदाय म्हणजे शाळाच. शाळेत ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्याच वेळी इतरांसाठी मूल्यशिक्षणाचा. दोन्ही तासांची मुले एकाच हजेरीपटावर असतात. पुढील सर्व विवेचनात हा हजेरीपटच महत्त्वाचा ठरतो, कारण जेथे एखाद्याची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येते तो समुदाय, अशी समुदायाची अगदी साधी आणि तरीही पुरेशी व्याख्या करता येते.

फिलाडेल्फिया, ऑक्टोबर १९१८

बंद शाळेने समुदाय कसा धरून ठेवला याचे जुने आणि चांगले नोंदलेले उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे आहे. २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जाच्या प्रचारासाठी तेथे निघालेली भव्य मिरवणूक पाहायला सुमारे दोन लाख लोक रस्त्यांवर जमले, आणि त्यानंतर काही दिवसांतच इन्फ्लूएन्झाची साथ शहरभर भडकली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा, चर्चे आणि नाटकगृहे बंद करण्याचा आदेश निघाला. शहरातील अनेक डॉक्टर आणि परिचारिका तेव्हा युद्धसेवेत होत्या, रुग्णालयांत खाटा उरल्या नव्हत्या, आणि साथ ओसरेपर्यंत मृतांचा आकडा १२ हजारांच्या पुढे गेला.

त्याच वर्षी पदावर आलेले आर्चबिशप डेनिस डोहर्टी यांनी या वेळी धर्मग्रामांच्या इमारती तात्पुरत्या रुग्णालयांसाठी देऊ केल्या आणि शाळांत शिकवणाऱ्या सिस्टरांना शुश्रूषेसाठी बाहेर पडण्याची मोकळीक दिली. त्या काळातील सिस्टर म्हणजे मठाच्या नियमांनी बांधलेली व्रतस्थ स्त्री. परक्यांच्या घरात जाणे, रात्री बाहेर राहणे या गोष्टी तिला एरवी वर्ज्य होत्या. शाळा बंद झाल्यामुळे मोकळ्या झालेल्या अशा सुमारे दोन हजार सिस्टर रुग्णालयांत आणि घरोघरी गेल्या. त्यांतील बहुतेकींना परिचर्येचे शिक्षण नव्हते; त्यांनी रुग्णांना पाणी पाजले, अंथरुणे बदलली, चुली पेटवल्या, आई आणि बाप दोघेही तापाने पडलेल्या घरांत मुलांना जेवू घातले. ज्यू, प्रॉटेस्टंट, कृष्णवर्णीय, नव्याने आलेले इटालियन असा भेद न करता हे काम झाले. पुरोहितपदाचे शिक्षण घेणारे तरुण कबरस्तानात कुदळी घेऊन उतरले, कारण कबरी खणायला माणसे मिळत नव्हती. या सिस्टरांनी सांगितलेल्या आठवणी फादर फ्रान्सिस टूर्शर यांनी एकत्र केल्या आणि त्या १९१९ मध्ये छापून प्रसिद्ध झाल्या, म्हणून आज त्या उपलब्ध आहेत.

या प्रसंगाकडे केवळ सेवाभावाची कथा म्हणून पाहिल्यास त्यातील रचना नजरेतून निसटते. शाळा बंद असताना त्या आठवड्यांत फिलाडेल्फियात अभ्यास पुढे गेला नाही आणि जाण्याची काही सोयही नव्हती. तरी शाळा आणि वस्ती यांचे नाते तुटले नाही, कारण एरवी मुले शिक्षिकेकडे येत, ती दिशा उलटली आणि शिक्षिका घरांकडे गेल्या. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोणते मूल एकटे पडले आहे, ही माहिती गोळा करणारी आणि तिच्यावर काही करू शकणारी यंत्रणा वस्तीत आधीपासून होती. साथीने तिला फक्त दुसरे काम लावले.

मुंबईलाही याचा एक दूरचा नमुना ठाऊक आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आल्यानंतरच्या वर्षांत गिरगाव, माझगाव, बांद्रा अशा भागांतील जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी उघड्यावर क्रूस उभारले आणि संध्याकाळी तेथे उभे राहून प्रार्थना सुरू केली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी आणि वसई परिसरातील मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती. घरातून दोन पावलांवर, मोकळ्या हवेत, मोजक्या शेजाऱ्यांसह होणारी ही प्रार्थना म्हणजे मोठ्या मंडळीचे लहान तुकड्यांत केलेले विभाजनच होते. त्यांतील अनेक क्रूस आजही गल्ल्यांच्या तोंडाशी उभे आहेत आणि मे महिन्यात तेथे जपमाळेची प्रार्थना होते.

दोन कुलपे

२०२० मध्ये कॅथॉलिक शाळांवर जे संकट आले त्याचे वैशिष्ट्य असे की शाळेला आणि चर्चला एकाच वेळी कुलूप लागले. एरवी शाळेला सुट्टी असली तरी रविवारी भेट होत असे. आता तीही थांबली. शिवाय वेळ मोठी विचित्र होती. त्या वर्षी उपवासकाळाची सुरुवात करणारा राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होता, म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ अर्ध्यावर आला असताना जगभर बंदी सुरू झाली. उपवासकाळातील शुक्रवारची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या अंतिम प्रवासाच्या चौदा टप्प्यांवर थांबत केलेली प्रार्थना, पवित्र सप्ताह, १२ एप्रिलचा ईस्टर आणि पुढे लहान मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद असे वर्षातील सर्वांत जास्त एकत्र येण्याचे दिवस एकामागून एक रिकामे गेले.

याला मिळालेले पहिले उत्तर पडद्याचे होते. पोप फ्रान्सिस यांची व्हॅटिकनमधील निवासस्थानी होणारी रोजची सकाळची मिस्सा ९ मार्चपासून १८ मेपर्यंत थेट दाखवण्यात आली, आणि २७ मार्चच्या संध्याकाळी पावसाने भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात त्यांनी एकट्याने केलेली प्रार्थना कोट्यवधी लोकांनी पाहिली. धर्मग्रामांनी आणि शाळांनीही हाच मार्ग धरला: सकाळची प्रार्थना, मुख्याध्यापकांचे निवेदन, शिक्षकांनी ध्वनिमुद्रित केलेले धडे. यातून धीर मिळाला हे निर्विवाद आहे. तथापि प्रसारण आणि संपर्क यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो पहिल्या काही आठवड्यांतच जाणवू लागला: प्रसारणात बोलणारा सर्वांना दिसतो, परंतु कोण ऐकत नाही हे बोलणाऱ्याला दिसत नाही. मिस्सा पाहणाऱ्यांचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात उमटतो, पण तिसऱ्या बाकावरचे नेहमीचे कुटुंब आज आलेले नाही, हे त्या आकड्यात उमटत नाही.

अमेरिकेतील हिशेब

हा फरक केवळ भावनेचा नसून शाळेच्या अस्तित्वाचा आहे, हे अमेरिकेतील आकड्यांवरून स्पष्ट होते. तेथील कॅथॉलिक शाळांना सरकारकडून शिक्षकांचे पगार मिळत नाहीत. त्या पालकांची फी, धर्मग्रामाचे साहाय्य आणि देणग्या यांवर चालतात. १९२० च्या सुमारास या शाळांतील दहापैकी नऊ शिक्षक व्रतस्थ होते आणि त्यांचा खर्च नाममात्र होता. शंभर वर्षांनी शंभरात जेमतेम तीन व्रतस्थ उरले आणि बाकी सर्वांना रीतसर पगार देणे भाग पडले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ५० लाखांवर असलेली विद्यार्थिसंख्या त्यामुळे आणि इतर कारणांनी आधीच घसरत होती. त्यात २०२० च्या मार्चपासून रविवारच्या वर्गणीची थैली फिरणे थांबले, देणग्या गोळा करण्याचे कार्यक्रम रद्द झाले आणि अनेक पालकांचे रोजगार गेले.

नॅशनल कॅथॉलिक एज्युकेशनल असोसिएशन या तेथील मध्यवर्ती संघटनेच्या नोंदींनुसार २०१९-२० मध्ये सुमारे १७ लाख ३७ हजार असलेली विद्यार्थिसंख्या पुढील वर्षी १६ लाख २६ हजारांवर आली, ही ६.४ टक्क्यांची घट एका वर्षापुरती पाहिल्यास पाच दशकांतील सर्वांत मोठ्या घटींपैकी होती. दोनशेहून अधिक शाळा बंद पडल्या किंवा दुसऱ्या शाळांत विलीन झाल्या, आणि त्यांत मोठ्या शहरांतील मर्यादित उत्पन्नाच्या वस्त्यांतील शाळा लक्षणीय होत्या. न्यू यॉर्कच्या आर्चडायोसीझने, म्हणजे आर्चबिशपांच्या प्रमुख धर्मप्रांताने, जुलै २०२० मध्ये २० शाळा पुन्हा न उघडण्याचे जाहीर केले. बाल्टिमोरमधील इन्स्टिट्यूट ऑफ नोत्र दाम ही १८४७ मध्ये स्थापन झालेली मुलींची शाळा, जिच्या माजी विद्यार्थिनींत अमेरिकी राजकारणी नॅन्सी पेलोसी यांचा समावेश होतो, ३० जून २०२० रोजी कायमची बंद झाली. टाळेबंदीमुळे शेवटच्या वर्षाच्या मुलींना निरोपही नेहमीसारखा देता आला नाही.

याच आकड्यांची पुढची ओळ मात्र वेगळे सांगते. २०२१-२२ मध्ये संख्या सुमारे ६२ हजारांनी, म्हणजे ३.८ टक्क्यांनी वाढली. दीर्घ काळ उतरणीला लागलेल्या या व्यवस्थेत अशी वाढ जवळजवळ विस्मरणात गेलेली होती. तिचे एक सरळ कारण असे की, २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बहुसंख्य कॅथॉलिक शाळांनी अंतर, मुखपट्टी आणि लहान गट यांची शिस्त पाळून वर्ग प्रत्यक्ष भरवले, तर अनेक मोठ्या शहरांतील सरकारी शाळा दीर्घकाळ पडद्यावरच राहिल्या. पण वर्ग लवकर उघडणे हेसुद्धा विश्वासावर अवलंबून होते: घरात कोणाला लक्षणे दिसताच पालकांनी ती न लपवता शाळेला कळवावीत, शिक्षकांनी वर्गात उभे राहण्यास तयार व्हावे आणि व्यवस्थापनाने दोघांचे ऐकावे, तरच ते शक्य होते. बंदीच्या महिन्यांत ज्या शाळेने पालकांशी बोलणे तोडले नाही तिला हा विश्वास नव्याने कमवावा लागला नाही.

मुंबई, वसई, गोवा

महाराष्ट्रातील परिस्थिती तीन बाबतींत वेगळी होती. पहिली बाब कालावधीची. मार्च २०२० च्या मध्यास बंद झालेल्या राज्यातील शाळा मधल्या काही अंशतः प्रयत्नांनंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या प्रमाणावर उघडल्या, आणि तेव्हाही शहरांत केवळ आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. मुंबईतील पहिली ते सातवीची मुले १५ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे तब्बल एकवीस महिन्यांनी वर्गात बसली. मार्च २०२० मध्ये बालवर्गात असलेले मूल पहिली न पाहताच दुसरीच्या वर्गात पोहोचले, आणि शाळा या शब्दाचा त्याला ठाऊक असलेला अर्थ फोनच्या पडद्याएवढा होता.

दुसरी बाब साधनांची. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात झालेल्या ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, परंतु पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या निराळ्या गोष्टी आहेत. वडील कामावर गेले की फोनही जातो, आणि दोन भावंडांचे तास एकाच वेळी आले की एकाला गैरहजर राहावे लागते. गोव्यात सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील मुले नेटवर्कसाठी टेकडीवर चढून बसत असल्याच्या बातम्या त्या वर्षी येत राहिल्या. महाराष्ट्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासमाला चालवली आणि दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली; या दोहोंनी धडा घरापर्यंत आणला, मात्र तो मुलापर्यंत पोहोचला की नाही हे पाहण्याचे काम शेवटी वर्गशिक्षकाकडेच आले.

तिसरी बाब पैशांची. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, त्यामुळे तिचे दार आर्थिक कारणाने लगेच बंद होत नाही. विनाअनुदानित शाळा फीवर चालते आणि तेथे शाळा व पालक यांच्यातील तणाव त्या काळात न्यायालयापर्यंत गेला. राजस्थानातील शाळांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी फीत १५ टक्के कपात सांगितली आणि महाराष्ट्र शासनाने त्याच धर्तीवर १२ ऑगस्ट २०२१ रोजी आदेश काढला. एकाच धर्मप्रांताच्या छत्राखाली दोन्ही प्रकारच्या शाळा असल्याने एकीकडे पगार चालू आणि दुसरीकडे पगार कापलेला, अशी स्थिती शेजारच्या आवारांत उद्भवू शकत होती. फीचा तगादा आणि खुशालीची विचारपूस एकाच दूरध्वनीत मिसळली की पालक पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत, हा अनेक व्यवस्थापनांना मिळालेला धडा होता.

वसईचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत हा मराठी भाषेत उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समाजाचा मोठा आधार आहे. तेथे मिस्सा, धर्मशिक्षण आणि पुष्कळ शाळांतील अध्यापन मराठीतून होत आले आहे. अशा ठिकाणी घर, चर्च आणि शाळा यांची भाषा एक असल्याने घरच्या आजीलाही शाळेचा निरोप थेट कळतो. याउलट मुंबईतील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल इंग्रजीत शिकते, आईशी मराठी, हिंदी किंवा कोकणीत बोलते आणि शाळेचे परिपत्रक इंग्रजीत येते. साथीच्या काळात असे परिपत्रक मुलाकरवीच वाचून घ्यावे लागले, आणि परीक्षेच्या किंवा फीच्या सूचना घरात पोहोचताना कधी अर्धवट, कधी उलट्या झाल्या. समुदाय जोडून ठेवायचा तर पहिला प्रश्न यंत्राचा नसून भाषेचा असतो, हे यावरून दिसते.

धरून ठेवणारे धागे

या सर्व अनुभवांतून बंद शाळेच्या कामाची एक पद्धत हाती येते. तिचा पाया म्हणजे हजेरी, परंतु नेहमीच्या अर्थाने नव्हे. शिक्षक ज्याला कॅटलॉग म्हणतात त्या पटावरील प्रत्येक नावासमोर या आठवड्यात या मुलाशी किंवा त्याच्या घरच्यांशी कोण बोलले, याची नोंद असणे, ही ती हजेरी होय. साठ मुलांच्या वर्गाला हे एकट्या वर्गशिक्षकाचे काम नव्हे. चित्रकला, शारीरिक शिक्षण, ग्रंथालय यांच्या शिक्षकांना प्रत्येकी दहा-बारा नावे वाटून दिली तर आठवड्यातून एक दूरध्वनी अवघड राहत नाही. ज्या नावासमोर दोन आठवडे रेघ रिकामी राहते त्या घरी कोणीतरी प्रत्यक्ष जायला हवे, आणि येथे धर्मग्रामाची रचना उपयोगी पडते. मुंबई आणि वसईच्या धर्मग्रामांत शेजारच्या काही कुटुंबांचे मिळून लघु ख्रिस्ती समूह असतात. तसेच १८३३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा गरजू घरांची यादी बाळगून असतात. शाळेला न सापडणारे घर या दोहोंपैकी कोणाला तरी ठाऊक असण्याचा संभव बराच असतो. ख्रिस्तेतर घरांसाठी हीच भूमिका पालक-शिक्षक संघाने किंवा शाळेच्या शिपाई मावशींनी बजावावी लागते. मावशी त्याच चाळीत राहत असतील तर त्यांच्याएवढी अचूक माहिती कार्यालयात कोणाकडेही नसते.

दुसरा धागा लयीचा आहे. घरात अडकलेल्या मुलाला दिवस आणि वार यांचे भान राहत नाही, आणि शाळेची घंटा, परिपाठ, शुक्रवारची प्रार्थना, सणाची सुट्टी हेच त्याचे कालमापन असते. म्हणून दहा मिनिटांचा का होईना, ठरल्या वेळचा परिपाठ, ज्यात मुले पाहुणी नसून पाळीने प्रार्थना म्हणणारी, सुविचार सांगणारी, वाढदिवस वाचून दाखवणारी असतात, तो तासभराच्या ध्वनिचित्रफितीपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. क्रुसाची वाट प्रत्येक कुटुंबाने एकेक टप्पा वाटून घेऊन पूर्ण करता येते. चौदा घरे मिळून ती वाट चालतात आणि त्यांतील एक घर गैरहजर राहिले तर तो टप्पा रिकामा दिसतो.

तिसरा धागा अन्नाचा. महाराष्ट्रात बंदीच्या काळात शालेय पोषण आहाराचे तांदूळ आणि कडधान्य शिजवून देण्याऐवजी कोरडे वाटण्यात आले, आणि अनुदानित शाळांच्या फाटकावर पालक ते घ्यायला येत. वाटपाचा हा दिवस अनेक घरांसाठी शाळेशी होणारी एकमेव प्रत्यक्ष भेट होता. धान्यासोबत स्वाध्यायाचे कागद देणारा आणि मुलाची विचारपूस करणारा शिक्षक तेथे उभा राहिला, तर त्याच रांगेचा हजेरीपट झाला.

शोक आणि मर्यादा

सर्वांत अवघड भाग मृत्यूचा होता. अंत्यविधीला मोजकी माणसे, चेहऱ्याचे अंतिम दर्शन नाही, आणि वर्गमित्राचे वडील गेल्याचे मुलांना वर्गाच्या फोनवरील समूहातल्या एका ओळीतून कळलेले, असे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वारंवार घडले. कॅथॉलिक परंपरेत मृतांसाठी प्रार्थना करण्याची आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करण्याची जुनी रीत आहे. शाळेने ही रीत सर्वधर्मीय मुलांना सामावून घेईल अशा साध्या स्वरूपात, गेलेल्यांची नावे वाचून आणि शांत राहून पाळली, तर शोक एकट्याचा राहत नाही. यात घाई मात्र चालत नाही. शाळा पुन्हा उघडल्यावर थेट राहिलेल्या अभ्यासक्रमाकडे वळणे हा सर्वत्र दिसलेला मोह होता, आणि ज्या मुलाने घरातले माणूस गमावले होते त्याला तो परकेपणाचा अनुभव ठरला.

संपर्काच्या उत्साहालाही कुंपण लागते. शिक्षक आणि मूल यांच्यातील एकांतातील संभाषण, रात्री उशिराचे निरोप, घरातील कॅमेऱ्यातून दिसणारा खासगीपणा यांत धोका असतो. बालकांवरील अत्याचारांच्या प्रकरणांनी हादरलेल्या अमेरिकी बिशपांनी २००२ मध्ये बालसंरक्षणाची सनद स्वीकारली, आणि भारतात २०१२ पासून लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा लागू आहे. म्हणून मुलाशी बोलताना पालक उपस्थित असणे, समूहात दोन प्रौढ असणे आणि संभाषण शाळेच्या अधिकृत क्रमांकावरूनच होणे, हे नियम सौजन्याचे नसून आवश्यकतेचे आहेत. त्याचबरोबर शिक्षकही त्याच साथीत सापडलेला माणूस असतो. राज्यात अनेक ठिकाणी शिक्षकांना सर्वेक्षणाच्या आणि तपासणीनाक्यांच्या कामाला लावले गेले, घरी त्यांची स्वतःची मुले होती, आणि दहा जणांची खुशाली विचारणाऱ्या शिक्षिकेची खुशाली विचारणारे पुष्कळदा कोणी नव्हते. शिक्षकांची नावेही ज्या हजेरीपटावर नाहीत तो पट अपुरा होय.

फिलाडेल्फियाच्या सिस्टरांकडे पडदा नव्हता, आणि २०२० च्या शाळांकडे घरोघरी जाण्याची मुभा नव्हती. दोन्हींत समान होते ते इतकेच की जेथे वस्तीची माहिती आधीपासून कोणाजवळ तरी होती तेथे समुदाय टिकला आणि जेथे ती गोळा करायला साथ आल्यावर सुरुवात झाली तेथे उशीर झाला. म्हणून प्रत्येक शाळेने, ती कॅथॉलिक असो वा नसो, येत्या जूनमध्ये नवे प्रवेश पूर्ण झाले की एक काम करून ठेवावे: प्रत्येक मुलाच्या नावासमोर घरची भाषा, जवळचा शेजारी आणि शाळेतील ज्या एका माणसाने त्याची चौकशी करायची त्याचे नाव लिहावे, आणि तो कागद दर वर्षी बदलावा. यासाठी खर्च लागतो तो एका वहीचा.